हलकी रायफल किती हलकी हवी? डॉल मेंढ्याच्या शिकारीतलं वजनाचं गणित

भारतात जायच्या २३ किलोंच्या बॅगा तोलायला आमच्या घरात हुकाचा एक काटा आहे. परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत असतोच. अलास्कातल्या अँकरेजमधले आमचे शेजारी जुलैच्या एका संध्याकाळी तो मागायला आले. त्यांना बॅग तोलायची नव्हती, रायफल तोलायची होती. कॅटलॉगमध्ये तिचं वजन २.७ किलो छापलेलं. काट्यावर आकडा आला ३.६. शेजारी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू काटाच खोटा आहे.

काटा खरा होता. कॅटलॉगवाला नुसत्या रायफलचं वजन सांगतो. तिच्यावर दुर्बीण चढली ५४० ग्रॅमची. ती धरून ठेवणारी कडी आणि बैठक १५० ग्रॅम. खांद्याचा पट्टा १२० ग्रॅम. चार काडतुसं, प्रत्येकी साधारण २५ ग्रॅम. झाले की नऊशे ग्रॅम! अलास्कात डॉल मेंढ्याच्या शिकारीला जाणारा माणूस दुकानात रायफल निवडताना ज्या शंभर-दोनशे ग्रॅमवर घासाघीस करतो, त्याच्या कितीतरी पट वजन तो नंतर स्वतःच्या हाताने तिच्यावर लादतो आणि त्याला पत्ताही नसतो.

मी शिकारी नाही. अमेरिकेचा नागरिक नाही आणि अलास्काचा रहिवासीही ठरलेला नाही अशा माणसाला अलास्कात मोठ्या जनावराची शिकार परवानाधारक गाईडशिवाय करताच येत नाही, आणि मला करायचीही नव्हती. मी त्या वर्षी शेजाऱ्यांबरोबर गेलो तो ओझं वाहायला आणि डोंगर बघायला. भारतात तर हा विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, आणि आपल्या हिमालयातले भरल, उरिअल, न्यान हे सगळे डोंगरी मेंढ्यांचे भाऊबंद संरक्षित आहेत. पण मी पेशाने यंत्रांचा माणूस. कमी वजन, पुरेशी ताकद आणि हातात स्थिर राहील असा तोल, या तिघांची ओढाताण कुठेही दिसली की मला राहवत नाही. म्हणून हे सगळं उलगडून लिहितोय.

आधी ही शिकार असते कशी ते थोडक्यात. डॉल मेंढा पांढराशुभ्र, पिवळसर तपकिरी वळणदार शिंगांचा. ब्रुक्स, अलास्का, रँगल, चुगाच या पर्वतरांगांत झाडांच्या रेषेच्या वर, उघड्या गवताळ उतारांवर आणि कड्यांच्या आसऱ्याने राहतो. हंगाम बहुतेक भागांत १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर. जायचं एका छोट्या विमानाने. पायपर सुपर कब म्हणजे पायलटच्या मागे एकच माणूस बसेल एवढं यंत्र, ते नदीच्या गोट्यांच्या पट्टीवर उतरतं. पायलट तुम्हाला आणि तुमच्या सामानाला आधी तोलून घेतो. तेव्हा वजनाचा पहिला हिशेब तुमचे गुडघे नाही, तो मागतो. उतरल्या दिवशी शिकार करायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजल्यानंतरच, असा नियम आहे. त्यानंतर आठ-दहा दिवस पाठीवर पंचवीसएक किलो घेऊन चढायचं, उतरायचं, दुर्बिणीतून उतारच्या उतार पिंजून काढायचे.

आणि नर दिसला म्हणजे झालं असंही नाही. राज्याच्या बहुतेक भागांत तो ‘फुल कर्ल’ लागतो. म्हणजे बाजूने बघितल्यावर शिंगाच्या टोकाने ३६० अंशांचा पूर्ण फेरा घेतलेला हवा, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली हवीत, किंवा शिंगांवरच्या वार्षिक कड्यांवरून वय किमान आठ वर्षं ठरायला हवं. या दहा दिवसांत रायफल खांद्यावर असते साधारण शंभर तास, आणि बोटाला काम पडतं एकदाच. तेही पडलं तर.

त्यामुळे हलकी घ्या हा सल्ला सरळच वाटतो. गोम अशी आहे की त्या एकदाच्या क्षणी हलकी रायफल जड रायफलपेक्षा वाईट वागते. ती का, हे कळलं की निवड निम्मी झाली.

हलकेपणाची किंमत

पहिली किंमत म्हणजे धक्का. होडीतून काठावर उडी मारून बघा. मोठी होडी जरा हलते, लहान होडी सर्रकन मागे जाते आणि उडी मारणारा पाण्यात. गोळी आणि तिच्यामागचा दारूचा वायू पुढे जातात, तेवढ्याच जोराने रायफल मागे येते. हा जोर रायफलच्या वजनावर अवलंबून नाही, तो काडतुसावर ठरतो. पण मागे येण्याचा वेग आणि त्यातली ऊर्जा मात्र वजनावर ठरते. .२७० विंचेस्टर हे या शिकारीचं जुनं, नावाजलेलं काडतूस घेऊन मी हिशेब केला. ३.६ किलोंची रायफल खांद्यावर साधारण २१ जूल ऊर्जेने आदळते, २.७ किलोंची २८ जूलने. वजन पाव हिश्शाने घटवलं की धक्का तिसऱ्या हिश्शाने वाढतो, हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे.

२८ जूलने खांदा निखळत नाही. खरा घोटाळा डोक्यात होतो. सरावाच्या मैदानावर अशा रायफलीने वीसेक गोळ्या मारल्या की शरीर शिकतं: आता लागणार. मग चाप ओढण्याच्या ऐन क्षणी पापणी मिटते, खांदा आपोआप पुढे रेटला जातो आणि नळीचं तोंड खाली जातं. शिकाऱ्याला वाटतं दुर्बीण बिघडली. शेजाऱ्यांनी एकदा गमतीने माझ्या हातात रिकामं काडतूस भरून रायफल दिली. आवाज आलाच नाही आणि मी मात्र असा दचकलो की ते पोट धरून हसले.

दुसरी किंमत स्थिरतेची, आणि माझ्या मते ही धक्क्यापेक्षा मोठी. दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांबलचक बांबू का धरते? तो लांब आणि जड असतो, म्हणून लगेच कलत नाही. तोल जायला लागला की सावरायला तिला वेळ मिळतो. रायफलच्या पुढच्या भागातलं वजन हेच काम करतं. श्वास, छातीची धडधड, दमलेल्या दंडाची थरथर हे सगळं जड नळी थोडंफार पचवते. पातळ आणि आखूड नळीची हलकी रायफल तुमची नाडी दुर्बिणीतल्या रेघांवर जशीच्या तशी काढून दाखवते. त्यात तुम्ही नुकतेच चारशे मीटर चढून आलेले असता.

तिसरी गोष्ट कॅटलॉग वाचताना कोणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर. समजा तो १.८ किलोंचा आहे आणि रायफल सव्वादोन किलोंची. म्हणजे रायफल जागच्या जागी ठेवून तिच्या वजनाच्या जवळपास एवढ्याच जोराने तिचा एक भाग ओढायचा. ती हलणारच. जड रायफलवर जो चाप खपून जातो, तो हलकीवर नेम बिघडवतो. म्हणून हलकी रायफल घेणाऱ्याने आधी चाप बघावा. जाणकार बंदूक-कारागिराकडून तो सव्वा किलोच्या आसपास, स्वच्छ तुटणारा करून घ्यावा. ग्रॅमभरही वजन न वाढवता नेम सुधारणारा याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर छिद्रांची टोपी बसवतात, तिला मझल ब्रेक म्हणतात. वायू बाजूला फेकला जातो आणि धक्का खरंच बराच उतरतो. पण तोच वायू आणि तोच आवाज बाजूला झोपलेल्या सोबत्याच्या कानावर येतो. रायफलचा आवाज मुळात १६० डेसिबलच्या घरातला. मी तो बाजूला झोपलेला सोबती होतो, म्हणून या बाबतीत माझं मत निष्पक्ष नाही: नको.

वजन नक्की कुठे असतं

रायफलचे तीन जड हिस्से: नळी, मधली यंत्रणा म्हणजे ॲक्शन, आणि दस्ता, म्हणजे ज्यात हे दोन्ही बसतं आणि जो खांद्याला टेकतो तो भाग.

दस्त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीचं नाव काढलं की जॅक ओ’कॉनर हे नाव येतंच. १९०२ ते १९७८ हा त्यांचा काळ. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात त्यांनी वर्षानुवर्षं बंदुकांवर लिहिलं आणि १९२५ साली आलेल्या .२७० ला घराघरांत पोचवलं. त्यांची लाडकी रायफल विंचेस्टरच्या मॉडेल ७० फेदरवेटवर बेतलेली होती. अक्रोडाच्या लाकडाचा तिचा दस्ता अल बीसन या कारागिराने घडवला होता. दिसायला देखणं काम. पण लाकूड पाणी पितं. अलास्कातला ऑगस्ट म्हणजे थंडी मिसळलेला आपला श्रावण. सलग चार दिवसांच्या भुरभुर पावसात दस्ता किंचित फुगतो, आतून नळीला रेटतो, आणि घरी नेमकी लागणारी गोळी डोंगरावर भलतीकडे जाते. म्हणून मग फायबरग्लास आले, केव्हलार आले, आता कार्बन फायबर आहे. वेस्ट व्हर्जिनियातले मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८० च्या दशकात केव्हलार आणि ग्रॅफाइटचा जेमतेम अर्ध्या किलोचा दस्ता केला आणि पूर्ण रायफल सव्वादोन किलोंच्या आसपास आणली. त्यांची युक्ती नुसती हलकेपणाची नव्हती. दस्ता इतका ताठ की नळी त्यात टोकापर्यंत टेकवता येते, आणि पातळ नळीही थरथरत नाही. हलकं आणि लेचंपेचं यांत फरक असतो, तो असा.

आजचे स्वस्तातले प्लॅस्टिकचे दस्ते पाणी पीत नाहीत हे खरं. पण काही इतके लवचीक असतात की पुढचा भाग पिशवीवर जरा जोराने दाबला तर नळीला जाऊन टेकतो. दुकानात हे तपासता येतं. नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत कागदाची घडी सरकवा, दस्ता दाबा, कागद अडकतो का बघा. मोकळी फट राहिली पाहिजे.

नळी बारीक केली की वजन झपाट्याने उतरतं, म्हणून पेन्सिलसारख्या नळ्या आल्या. त्या लवकर तापतात आणि तापल्या की तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून मारा भटकायला लागतो. मैदानावर पाच-पाच गोळ्यांचे झुबके मोजणारा यावर चिडतो. मेंढ्याच्या शिकारीत मात्र हे फार मनावर घ्यायचं कारण नाही. इथे महत्त्वाची ती थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी. ती दर वेळी एकाच जागी जाते का, एवढंच बघायचं. म्हणजे मैदानावर एक गोळी मारून नळी पूर्ण निवू द्यायची, मग दुसरी. कंटाळवाणं काम आहे, पण रायफलचा खरा स्वभाव असाच कळतो. पातळ पोलादी नळीवर कार्बनचे धागे गुंडाळलेल्या नळ्याही मिळतात. त्या जाड दिसतात, ताठ असतात आणि तेवढ्याच जाडीच्या पोलादापेक्षा हलक्या. पण पेन्सिल नळीपेक्षा हलक्या नसतात. ‘कार्बन’ हा शब्द ऐकून लोक पैसे मोजतात आणि काट्यावर निराश होतात.

लांबीत ५६ सेंमी म्हणजे २२ इंच हा मधला रस्ता. इंचभर कापलं तर गोळीचा वेग सेकंदाला सहा-सात मीटरने घटतो. फार नाही. पण नळी पाठपिशवीच्या वर किती डोकावते आणि खडकाला किती वेळा आपटते, यात फरक पडतो.

बाजारात आज काय आहे? किंबरची माउंटन असेंट छोट्या काडतुसांच्या मापात सव्वादोन किलोंच्याही आत, थेट कारखान्यातून. फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट तीन किलोंच्या जरा आत, आणि किंमत पहिलीच्या मानाने बरीच कमी. शेजारी पहिलीवर भाळले होते. मी त्यांना हातात आहे तीच आणखी हलकी कशी करता येईल ते काट्यावर दाखवत होतो.

काडतूस: वाद कमी, चहा जास्त

यावर अलास्कात रात्रभर भांडता येतं, म्हणून मी लवकर उरकतो. पूर्ण वाढलेला डॉल मेंढा साधारण ७५ ते १०० किलोंचा. चिवट आहे, पण गव्यासारखं धूड नाही. .२७०, ७ मिमी-०८, .३०८, ६.५ क्रीडमूर यांपैकी कशानेही, चांगली गोळी योग्य जागी लागली तर तो पडतो. मोठ्या मॅग्नम काडतुसांचा आग्रह धरणारे दोन कारणं देतात. एक, लांबचा मारा. दुसरं, त्याच डोंगरात ग्रिझली अस्वलं असतात. दुसरं कारण मला समजतं. रात्री तंबूबाहेर काहीतरी फुरफुरलं की जूलचं गणित आठवत नाही, मोठी बंदूक आठवते. पण अडीच किलोंच्या रायफलीत .३०० मॅग्नम भरली की वर सांगितलेलं सगळं दुखणं दीडपट होतं. सव्वादोन-अडीच किलोंची रायफल हवी असेल तर काडतूस मवाळ हवं. जोरदार काडतूस हवं असेल तर रायफलला थोडं वजन ठेवावं.

दुर्बीण: इथे ग्रॅम स्वस्त मिळतात

रायफलमधून तीनशे ग्रॅम कमी करायचे तर दस्ता बदला, नळी बदला, हजार-पंधराशे डॉलर गेले. दुर्बिणीतून तेवढेच ग्रॅम कमी करायला बहुधा आधीपेक्षा साधी दुर्बीण घ्यावी लागते. म्हणून माझा आग्रह, वजनाचं काम इथून सुरू करा.

५ ते २५ पट मोठं दाखवणाऱ्या, ५६ मिमी भिंगाच्या दुर्बिणी एक किलोच्या पुढे जातात. त्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी. तीनशे मीटरवरचा मेंढा ६ पट मोठा केला तर नुसत्या डोळ्याने ५० मीटरवर दिसावा तसा दिसतो. पन्नास मीटरवर उभी असलेली शेळी तुम्हाला दिसत नाही का? उलट पटी जितक्या वाढतील तितकं दृश्याचं क्षेत्र आक्रसतं आणि हाताचा कंप तितक्याच पटींनी वाढलेला दिसतो. कळपातला नेमका तोच नर हुडकणं कठीण होतं.

मोठ्या भिंगाचं समर्थन अंधुक उजेडासाठी केलं जातं. इथे एक सोपा भागाकार आहे. भिंगाचा व्यास भागिले पटी म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ४० मिमी भिंग, १० पट: ४ मिमी. तेच भिंग ६ पटीवर: साडेसहा मिमीच्या वर. माणसाची बाहुली अंधारात मोठी होऊन पाच ते सात मिमी होते, त्याहून जाड झोत वायाच जातो. म्हणजे उजेड कमी झाला की भिंग मोठं नको, पटी कमी करा. शिवाय ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अलास्कात दिवस सोळा तासांच्या आसपास असतो. संधिप्रकाशात मचाणावर बसून करायची ही शिकार नाही. ३ ते ९ किंवा २.५ ते ८ पट, ३६ ते ४० मिमी भिंग, ३२० ते ३८० ग्रॅम वजन. लुपोल्ड आणि स्वारोव्हस्की दोघांकडेही या मापात माल आहे. ओ’कॉनर यांनी आपल्या लाडक्या रायफलवर साधी ४ पटीची, पटी न बदलणारी दुर्बीण लावून मेंढे मारले.

शिंगांचा फेरा पूर्ण आहे की नाही हे रायफलच्या दुर्बिणीतून बघायचं नसतंच. ते काम तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपचं. त्यातून चाळीस-पन्नास पटीने शिंगांवरची कडी मोजतात. रायफलची दुर्बीण नुसतं बघायला वापरली तर ज्याच्याकडे बघताय त्याच्याकडे नळीही रोखलेली असते, आणि समोरच्या उतारावर मेंढ्याऐवजी दुसरा शिकारी निघू शकतो.

पटींपेक्षा महत्त्वाचं, पण जाहिरातीत बारीक अक्षरांत छापलेलं माप म्हणजे डोळा आणि मागचं भिंग यांतलं अंतर. ते किमान नऊ सेंमी हवं. वरच्या बाजूला नेम धरताना दस्ता खांद्यावर घसरतो, मान पुढे येते, डोळा दुर्बिणीजवळ जातो. त्यात हलक्या रायफलचा वेगवान धक्का. भुवईवर अर्धचंद्राकृती खूण घेऊन फिरणारे लोक अलास्कात पुष्कळ आहेत. खूण कशाची हे विचारलं की ते विषय बदलतात.

दुर्बीण धरणाऱ्या कड्यांकडेही बघावं. बैठक आणि कडं एकसंध घडवलेली ॲल्युमिनियमची जोडी ७० ग्रॅमच्या आसपास मिळते, पोलादी त्याच्या दुप्पट-तिप्पट. सांधा एक कमी, म्हणजे सैल होण्याची जागाही एक कमी.

दुर्बिणीवर अंतरानुसार फिरवायच्या चकत्या हव्यात की नकोत? त्या अचूक असतात, पण उघड्या असल्या तर पिशवीवर घासून फिरतात आणि तुम्हाला कळत नाही. मला जुना हिशेब आवडतो. .२७० ची १३० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९३० मीटर वेगाने निघते. १०० यार्डांवर ती ३ इंच वर लागेल अशी दुर्बीण बसवून टाकायची. मग ती गोळी २५० मीटरच्या सुमाराला नेमाची रेघ पुन्हा ओलांडते आणि ३०० मीटरवर साधारण दहा सेंमी खाली असते. मेंढ्याच्या छातीतली मर्माची जागा सुमारे २० सेंमी रुंद. म्हणजे तीनशे मीटरपर्यंत काही फिरवायचं नाही, काही आठवायचं नाही, मध्यावर नेम. त्याच्यापुढे जवळ जायचं. डोंगरात एखादी घळ मिळतेच. वाऱ्यासाठीही हेच बरं: ताशी १६ किमीचा आडवा वारा ही गोळी तीनशे यार्डांवर पंधराएक सेंमी ढकलतो, आणि दरीत वारा एका जागी एका दिशेने कधी वाहत नाही.

उतारावर गोळी वर का लागते

वर नेम धरला तरी गोळी वर जाते, खाली धरला तरी वरच. ऐकायला विचित्र वाटतं. आडात सरळ खाली सोडलेला दगड डावी-उजवीकडे वळतो का? नाही, कारण गुरुत्वाकर्षण त्याला ज्या दिशेने ओढतं त्याच दिशेने तो चाललाय. सपाटीवर गोळी आडवी जाते आणि ओढ तिच्या वाटेला काटकोनात लागते, म्हणून वाट पुरेपूर वाकते. तिरक्या उतारावर अवस्था या दोहोंच्या मधली. वाकणं कमी. पण दुर्बीण तर सपाटीचं वाकणं गृहीत धरून बसवलेली. म्हणून मारा वर.

ढोबळ नियम असा की तिरकं अंतर विसरायचं, त्याची जमिनीवरची आडवी सावली धरायची. ३०० मीटर तिरकं अंतर, ४० अंशांचा उतार, तर नेम २३० मीटरचा. ३० अंशांना २६० मीटर. अंतर मोजायच्या लेझर यंत्रात आता हा कोन आपोआप धरला जातो. यंत्राला ही सोय नसेल तर मात्र ते ३०० दाखवेल, तुम्ही थोडं वर धराल, आणि गोळी दहा-पंधरा सेंमी वर लागेल. घाटावरून खाली बघताना माणसाला कोन नेहमी असतो त्याहून जास्त वाटतो, हेही लक्षात ठेवावं. आमचे शेजारी ज्याला ‘पंचेचाळीस असेल’ म्हणाले तो मोबाइलवर मोजला तर एकतीस निघाला.

काट्यावर पुन्हा एकदा

तर आम्ही रायफलला हात लावला नाही. दुर्बीण बदलली ३४० ग्रॅमची, कडी ७० ग्रॅमची, पट्टा साधा विणलेला ६० ग्रॅमचा. चार काडतुसं धरून काटा ३.२७ वर थांबला. चाप सव्वा किलोवर आणला. ३.२७ च्याही खाली, एकूण २.७ किलोंपर्यंत जाता येतं, लोक जातात. पण त्या खर्चात शेजाऱ्यांचे बूट, पावसाळी कोट आणि सरावाच्या दोन वर्षांच्या गोळ्या येत होत्या. शिवाय त्यांच्या डॉक्टरांनी पोटावरचे आठ किलो उतरवायला सांगितले होते. टूथब्रशचा दांडा कापून पंधरा ग्रॅम वाचवणाऱ्या माणसाला हे सांगायला मात्र मैत्री जुनी लागते.

डोंगरावर आम्ही नऊ दिवस होतो, त्यातले सहा पावसात. नळीच्या तोंडावर वायरमन वापरतात ती काळी टेप लावलेली. पाणी, चिखल आत जात नाही, आणि गोळीच्या पुढे ढकलली जाणारी हवाच तिला उडवते, म्हणून काढावीही लागत नाही. विमानातून उतरल्यावर रायफल एकदा खडकावर आपटली होती. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी शेजाऱ्यांनी मातीच्या दरडीवर कागद लावून एक गोळी मारून घेतली. आवाजाने दरीतले मेंढे गेले असतील तर जाऊ देत, म्हणाले. दुर्बीण जागच्या जागी होती.

सातव्या दिवशी एक नर दिसला, २८० मीटरवर. पाठपिशवी आडवी टाकून शेजारी तिच्यावर रायफल ठेवून पालथे झोपले. हलक्या रायफलचा सगळा कंप अशी भरलेली पिशवी खाऊन टाकते, आणि तिथे टेकायला दुसरं काही नसतंच. मी स्पॉटिंग स्कोपला. वीस मिनिटं आम्ही त्याच्या शिंगांची कडी मोजत होतो. माझी सात आली, त्यांची सात आली, एकदा आठ आली, पुन्हा सात. फेराही बोटभर अपुरा. त्यांनी बोल्ट मागे ओढला, काडतूस काढून खिशात टाकलं.

मिळाला असता तर खाणेबल मांस सगळं खाली आणायचं, हा तिथला कायदा आहे. तीसेक किलो मांस, वर कवटी आणि शिंगं दहाएक किलो. परतीच्या वाटेवर रिकाम्या पाठीने चालताना त्यांना त्याचं वाईट वाटत होतं आणि माझ्या गुडघ्यांना अजिबात नाही.

या मेपासून ते दर शनिवारी मैदानावर त्याच पिशवीवर रायफल ठेवून सराव करतायत, एक गोळी, वीस मिनिटं थांबून दुसरी. काटा अजून त्यांच्याकडेच आहे. परवा निरोप आला की यंदा स्पॉटिंग स्कोप आणि तिपाई माझ्या पाठीवर. त्यांनी तोलून ठेवलंय: दोन किलो शंभर.